वरचं आणि खालचं

९ फेब्रुवारी, रविवार

एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टा बांधता येत नाही! सात वर्षं घरात बीपी मोजलं जातंय आणि हे मला माहीतच नव्हतं.

दंडावरून घसरतो. शेवटी टोक दातात धरून ओढला. मशीनने दोनदा नुसतं घुर्र केलं आणि चूक दाखवली. तिसऱ्यांदा आकडे आले. वरचं १४९, खालचं ९१. हे काही खरं नव्हे. एवढी कुस्ती केल्यावर पैलवानाचंही वाढेल.

ताई काल गेली. नोंदणी कार्यालयात सह्या केल्या, पायरीवर उभं राहून फोटो काढला आणि संध्याकाळच्या बसमध्ये नवऱ्याशेजारी जाऊन बसली. बासष्टाव्या वर्षी! बस हलली तशी खिडकीतून ओरडली, "ठके, रोज मोज गं!" मागच्या सीटवरची माणसं हसली. त्यांना वाटलं असेल, हिशोबाचंच काही असेल.

आई गेल्यापासून आम्ही दोघीच. पंचवीस-एक वर्षं तरी. आता घरात खुर्च्या दोन आणि माणूस एक.

१० फेब्रुवारी, सोमवार

१५१/९०. मशीन जुनं झालंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मोजायचं सगळं तंत्र ताईचं. आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर उशी घेऊन, छातीच्या उंचीला. तोंड बंद! बोललं तरी आकडा चढतो म्हणे. दिवसभर टकळी चालू असलेली ताई ती पाच मिनिटं माझ्यासमोर ओठ आवळून बसायची. हसू दाबून दाबून तिचे गाल फुगायचे. मग एकदा मोजायचं, एक मिनिट थांबून परत मोजायचं, आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं — "एकशे अठ्ठावीस!" जसं काही मी परीक्षेत पहिली आले.

दवाखान्यात माझं कायम एकशे साठच्या वर. डॉक्टरीणबाईंचं स्टूल दिसलं की छाती धडधडायला लागते, त्याला मी काय करू? त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं, "दवाखान्यातला आकडा पाहुण्यासारखा असतो, सजूनधजून येतो. मला घरातला हवा." तेव्हापासून मोजायचं ताईने, महिन्याचे आकडे डॉक्टरीणबाईंना फोनवर कळवायचे ताईने, गोळी बदलली तर आणायची ताईने. माझं काम काय, तर हात पुढे करायचा.

आता घरात दिवसभर शांतता आहे. तोंड बंदच. तरी १५४.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. मागे समुद्र वाजत होता. घर किनाऱ्यालाच आहे म्हणे. तिचा नवरा पोहणं शिकवायचा, आता निवृत्त. आमच्याकडच्या तलावावर दोन वर्षं होता, तेव्हाची ही ओळख. गुडघ्यांसाठी म्हणून ताईला डॉक्टरांनी पाण्यात पाठवलं आणि गुडघे राहिले बाजूला! मी त्यांना अजून भावजी म्हणू शकत नाही. मनात मास्तरच म्हणते.

बोलता बोलता ताई म्हणाली, "जास्त येत असेल तर लगेच सांग हां. मी निघून येते. यांना सांगून ठेवलंय, माझी बहीण पहिली." आणि मागून मास्तरांनी काहीतरी म्हटलं, तर ती हसली. तसं हसताना मी तिला ऐकलेलं नाही. पोटातून, मोकळं. ही कुठली ताई?

"बोल, किती आहे?"

"एकशे तीस, ऐंशी," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. सकाळचं १५६ होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एक आठवडा. मग खरं येईलच खाली. तेव्हा खोटं सांगितलं असं होणारच नाही.

२ मार्च, रविवार

ताईला — १२८/८०.
मशीनला — १५८/९४.

६ मार्च, गुरुवार

नवीन पट्टा आणला. जुन्याची चिकटणारी बाजू केस गळल्यासारखी झाली होती, हवा भरली की कडा उकलायची. दुकानदार म्हणाला, पट्टा सैल असला की आकडे वाटेल तसे येतात. म्हटलं, सापडला चोर! सेलही नवे घातले. घरी येऊन पाच मिनिटं बसले, पाय जमिनीला, सगळं रीतसर.

१६०.

चोर तो नव्हता.

२३ मार्च, रविवार

मालकांनी आज सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. कुणाचा तरी लग्नातला कोट, खांद्याला सिगारेटचं भोक. आमच्या लाँड्रीत रफू करणारी मी एकटीच. इस्त्रीच्या वाफेमागे माझी खोली, एक खिडकी, एक दिवा. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, त्याच कापडाचे, आणि भोकाच्या कडेपासून एक उभा एक आडवा असं विणत जायचं. झालं की बोट फिरवूनही कळू नये.

मालक म्हणाले, "रफूबाई, भोक होतं कुठे तेच सापडत नाही हो!" मला बरं वाटलं. घरी सांगायला कुणी नव्हतं. बूट काढता काढता मोठ्याने म्हणून बघितलं — "भोक होतं कुठे तेच सापडत नाही." घरात फार विचित्र वाटलं. परत नाही म्हणणार.

ताईचा फोन दुपारी येऊन गेला होता. मीच उलट केला. १३०/८०. ती समुद्रात जाते आता! तलावात नाही, समुद्रात! मास्तर बाजूने पोहतात. "पाठीवर पडायचं नि आभाळ बघायचं, ठके! कानात पाणी जातं, कुणाचं काही ऐकू येत नाही. इतकं छान!"

८ एप्रिल, मंगळवार

मोजलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

मोजलं नाही. कशाला उगीच.

२७ एप्रिल, रविवार

ताई येणार! मेच्या मध्यावर, आठ दिवस! एकटीच.

आधी नाचले. मग आठवलं. ती आली की पहिल्याच सकाळी पट्टा घेऊन बसणार. तिच्या डोळ्यांदेखत १६० आलं की संपलं, बॅग भरायचीच नाही परत जायला. मी तिला ओळखते. आईच्या आजारपणात जमलेलं लग्न मोडून बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून. पुढे कधी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आता मिळालंय ते माझ्या दंडापायी सुटायचं?

पण ती समोर बसली, गाल फुगवून, तर येईलही १२८! कोण जाणे. यायलाच हवं. मला तर वाटतं मशीनला तीच लागते.

१० मे, शनिवार

पडदे धुतले. तिच्या खोलीतल्या पेट्या काढल्या, गादीला ऊन दाखवलं. बटाटे जास्त आणले. खुर्चीचा पाय डुगडुगत होता, त्याला कागद लावला. माणूस येणार म्हटलं की घर कसं जागं होतं!

१५ मे, गुरुवार

ताई येत नाही.

मुलांचं पोहण्याचं शिबिर आहे, मास्तरांना पूर्वीच्या लोकांनी गळ घातली, आणि ताई मुलींच्या गटाला मदत करते. "अगं, काठावर उभं राहून त्यांचे टॉवेल धरायचे एवढंच काम. पण मुली मला सोडतच नाहीत." मी म्हटलं, "मग राहा की. मी कुठे पळून जातेय?" ती म्हणाली, "तू रागावली नाहीस ना?" मी म्हटलं, छे!

फोन ठेवल्यावर वाटलं, सुटले. आकडा दाखवावा लागला नाही. मग गादीवर नवी चादर दिसली. तिथेच बसून रडले. सुटलेल्या माणसाने रडावं का?

मोजलं. १७१/१०२. लगेच बंद केलं.

८ जून, रविवार

१२०/८० सांगितलं. सांगायचंच तर चांगलं सांगावं.

ताई म्हणाली, "वा!" पण ओरडली नाही.

२४ जून, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या वाटायला नको, मी बनवलं.

सकाळी एका शालीचा काठ रफू करत होते. बारीक काम. सुई बोटातून पडली. पडते कधी कधी. उचलायला गेले तर बोटं बंदच होईनात. माझीच बोटं, दिसत होती, पण जशी हातमोज्यातली कापसाची. उजवा हात! मी इस्त्रीवाल्याला हाक मारायला गेले आणि त्याचं नाव तोंडात येईना. जीभ जड. "ते... ते..." एवढंच. त्याला वाटलं मी कात्री मागतेय. त्याने कात्री आणून दिली.

थोड्या वेळाने सगळं परत आलं. बोटं आली, नाव आलं. त्याला नावाने हाक मारली तर तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, कात्री ने."

मालकांनी चेहरा बघितला आणि घरी पाठवलं. "डॉक्टरकडे जा," म्हणाले. मी घरी आले, दार लावून घेतलं आणि पलंगावर बसून बोटं उघडली-मिटली, उघडली-मिटली. भीती वाटली. मरायची नाही. आपण जमिनीवर पडलेलो आहोत, डोळे उघडे, आणि कुणाला हाक मारायची ते नाव तोंडात येत नाही — याची.

फोन दोनदा हातात घेतला. ताईचा नंबर समोर. सांगितलं असतं तर ती आज संध्याकाळच्याच बसने निघाली असती.

नाही केला.

२९ जून, रविवार

ताईचा फोन. सगळं ठीक म्हणाले. एकशे तीस, ऐंशी. मजेत आहे म्हणाले. ती म्हणाली, "ठके, नक्की?" मी म्हटलं, "अगं मजेत आहे मी!"

ती म्हणाली, "बरं. जप."

३ जुलै, गुरुवार

डॉक्टरीणबाईंचा फोन! स्वतःहून. सात वर्षांत पहिल्यांदा. "तुमचं मशीन फार जुनं झालं. एवढ्या वर्षांनी ते बरोबर दाखवतंय की नाही ते एकदा ताडून बघायला हवं. शनिवारी घेऊन या. गोळ्यांची पाकिटंही आणा, उरलेली सगळी."

मला तर हायसंच वाटलं. निघू दे बिघडलेलं! मग हे सगळं झालंच नाही असं होईल.

५ जुलै, शनिवार

मशीन बिघडलेलं नाही.

त्यांनी एकाच दंडावर आधी त्यांच्या मशीनने मोजलं, मग माझ्या, परत त्यांच्या, परत माझ्या. मध्ये मध्ये थांबून. दोन-तीनचा फरक, तेवढाच. "सात वर्षांचं आहे पण ठणठणीत आहे," म्हणाल्या. मग माझ्या मशीनचं मागचं बटण दाबलं. त्यात मागचं सगळं साठलेलं असतं! मला नव्हतं माहीत. एकेक आकडा काचेवर येत गेला. १६८. १७१. १६३. १७४. त्या वाचत होत्या आणि मी भिंतीकडे बघत होते.

"आणि बहिणीला तुम्ही सांगता एकशे तीस-ऐंशी, एकशे वीस-ऐंशी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे तेच येतात. मी त्यावर गोळी ठरवते! मशीन असे गोल गोल, शून्यावर संपणारे आकडे बोलत नाही हो. माणूस बोलतो."

मी पट्ट्याची गुंडाळी करत राहिले.

"घरचं मोजमाप वर्षानुवर्षं भरवशाचं राहतं, म्हणून मी तुम्हाला घरी मोजायला सांगितलं. मशीनचा भरवसा मी वर्षाकाठी तपासू शकते. तुमचा कसा तपासू?"

मग मी बोलले. शालीचं, सुईचं, कात्रीचं. त्यांचा चेहराच बदलला. "आणि तुम्ही अकरा दिवस घरी बसलात?" लगेच मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली, रिक्षा त्यांनीच बोलावली.

गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतली तेव्हा आणखी एक निघालं. संध्याकाळच्या गोळ्या निम्म्याहून जास्त तशाच! मी म्हटलं, "मी तर घेतेच." आणि म्हणता म्हणता आठवलं. घेत नव्हते मी कधीच. ताई हातावर ठेवायची. पाण्याच्या पेल्यासकट. मी फक्त गिळायची.

म्हणजे इतके महिने मी समजत होते, हे दुःख आहे. ताईवाचून माझं रक्त उसळतंय वगैरे. आणि निघालं काय, तर गोळी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही असेल. पण गोळीवर माझ्याकडे उपाय आहे."

८ जुलै, मंगळवार

इस्पितळातून आले. डोक्याचा फोटो काढला, मानेच्या नसा बघितल्या. मोठं काही नाही. "या खेपेला," असं तिथला डॉक्टर म्हणाला. आणखी एक गोळी सुरू केली. आता उजवा हात कधी असा झाला तर एक मिनिटही थांबायचं नाही, सरळ इस्पितळात. मला तीनदा म्हणायला लावलं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून तिचे केस विंचरत होती आणि दोघी कचाकचा भांडत होत्या. मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी अट घातली आहे. बहिणीला मी स्वतः सांगायचं. रविवारपर्यंत. नाहीतर त्या सांगणार.

११ जुलै, शुक्रवार

१४८/८८. पाच मिनिटं बसून. पट्टा एका हाताने बसतो आता. आधी टेबलावर गोल करून ठेवायचा, मग हात आत घालायचा. एवढं सोपं होतं!

परवा ताईला काय सांगायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. "तू येऊ नकोस" हे दरवेळी "ये" असंच ऐकू येतं.

मला काय हवंय? खरं लिहू? तिने यावं. तिची बॅग दारात दिसावी. आणि मी म्हणावं, कशाला आलीस, जा परत. आणि तिने जाऊ नये.

१३ जुलै, रविवार

सांगितलं. सगळं. आकडे, गोळ्या, सुई. एका दमात, मध्ये बोलूच दिलं नाही. म्हटलं, तू निघून येशील म्हणून लपवलं.

ताईने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाली, "ठके, मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुझा आवाज मला कळणार नाही? आणि दोन आठवड्यांपूर्वी, त्या रविवारी तू 'मजेत आहे' म्हणालीस. आयुष्यात कधी म्हटलं नाहीस. घाबरले. डॉक्टरीणबाईंना फोन मीच केला. सांगितलं, तिला बोलावून घ्या, माझं नाव काढू नका."

मी म्हटलं, "मग आली का नाहीस?"

"कळलं असं म्हटलं असतं, तर यावं लागलं असतं," ताई म्हणाली. रडत होती. "आणि मला इथून निघायचं नव्हतं गं."

मी म्हटलं, "बरं."

एवढे दिवस मी समजत होते, मी तिला जाऊ दिलं.